डेमोक्रॅटिक पक्षाचे श्रेष्ठी स्वतःच्याच पुरोगामी गटाला का अडवतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते आपल्याच पुरोगामी गटाच्या पायात पाय का घालतात, आणि एवढं सोसून ही मंडळी वेगळा पक्ष का काढत नाहीत. मी न्यूयॉर्क राज्यात डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला मतदार आहे आणि 2016 साली अध्यक्षपदासाठी पुरोगाम्यांचे लाडके सिनेटर बर्नी सँडर्स यांना मत दिलं होतं. तेव्हा उत्तर तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, इथे तिकीटवाटप नसतं. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो, नाही दिलं की बंडखोरी होते. इथे उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत ठरतो, ती निवडणूक सरकारी यंत्रणा घेते, आणि लागतील तेवढ्या सह्या गोळा केल्या की कोणीही उभं राहू शकतं. म्हणजे ‘तुला तिकीट नाही’ असं म्हणायची सोयच श्रेष्ठींना नाही. मग उरतं काय? पैसा, समित्यांवरच्या नेमणुका, पाठिंबा कधी जाहीर करायचा याचं टायमिंग, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरून बसणं.

माझा राग नेमका कशावर आहे ते सांगायला आमच्याच राज्यातल्या बफलो शहराचं उदाहरण पुरेसं आहे. 2021 च्या जूनमध्ये तिथे महापौरपदाच्या प्रायमरीत इंडिया वॉल्टन यांनी बायरन ब्राउन यांना हरवलं. वॉल्टन पेशाने नर्स, स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणाऱ्या. ब्राउन 2006 पासून महापौर, मध्ये काही वर्षं राज्यातल्या पक्षाचे अध्यक्षही. प्रायमरीत त्यांनी वॉल्टनबाईंशी एकदाही जाहीर वादविवाद केला नाही, इतकं गृहीत धरलं होतं. हरल्यावर मात्र अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर नाव आणायला कोर्टात गेले, तिथे डाळ शिजली नाही. तेव्हा त्यांनी मतदारांना सांगितलं, माझं नाव हाताने लिहा. इथे तशी मुभा आहे. आणि स्पेलिंग चुकायला नको म्हणून त्यांच्या प्रचारयंत्रणेने नावाचे शिक्के बनवून घेतले! शाईचे छोटे शिक्के, मतदाराने खिशातून काढायचा आणि मतपत्रिकेवर उठवायचा. नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर छापलेलं नाव एकच होतं, पक्षाच्या अधिकृत उमेदवाराचं, आणि निवडून आले शिक्केवाले. रिपब्लिकन मतंही त्यांना भरभरून पडली. न्यूयॉर्कचे सिनेटर शूमर यांनी शेवटी शेवटी वॉल्टन यांना पाठिंबा दिला, हे मान्य करायला हवं. पण राज्याच्या पक्षाध्यक्षांनी नकार दिला आणि गव्हर्नर होकुल तटस्थ राहिल्या. प्रायमरी जिंकलेल्या आपल्याच उमेदवाराबाबत तटस्थ! (हेच ब्राउन 2024 मध्ये मुदत संपायच्या आत महापौरपद सोडून घोड्यांच्या शर्यतींवर पैज घेणाऱ्या सरकारी महामंडळाचे प्रमुख झाले.)

2025 मध्ये न्यूयॉर्क शहरात हीच गोष्ट मोठ्या पडद्यावर झाली. समाजवादी ममदानी महापौरपदाची प्रायमरी जिंकले, हरलेले माजी गव्हर्नर कुओमो अपक्ष उभे राहिले. या वेळी होकुल सप्टेंबरात पुढे आल्या. पण हाउसमधले (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातले) पक्षनेते जेफ्रीज मुदतपूर्व मतदान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बोलले, आणि सिनेटमधले नेते शूमर तर मत कोणाला दिलं तेही सांगायला तयार नव्हते. दोघंही न्यूयॉर्कचे, बरं का. ममदानी निम्म्याहून थोडी जास्त मतं घेऊन निवडून आले ते या मौनासकट.

आता आठवा, सँडर्स हरले की आम्हाला काय ऐकवलं जातं. एकजूट दाखवा. उमेदवार कोणीही असो, मत निळ्यालाच, म्हणजे डेमोक्रॅटलाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पक्षशिस्त आहे, पण ती एकाच बाजूला लागू.

हे असं का, याचं कारण मला कुठल्या गुप्त कटात दिसत नाही. एक कारण भीती. 1968 मध्ये हम्फ्री एकही प्रायमरी न लढता अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनात राडा झाला, मग नियम बदलून सामान्य मतदाराच्या हाती निवड दिली गेली. 1972 मध्ये त्या नियमांनी डाव्या विचारांचे मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि 50 पैकी 49 राज्यं हरले. त्याचा धसका अजून गेलेला नाही. 1982 मध्ये सुपरडेलिगेट आणले गेले, म्हणजे पक्षाचे खासदार-पदाधिकारी, ज्यांना अधिवेशनात आपल्या मर्जीने मत देता यायचं. 2016 मध्ये ते सातशेच्या वर होते, एकूण प्रतिनिधींच्या साधारण 15 टक्के. सँडर्स समर्थकांनी लावून धरलं म्हणून 2018 मध्ये त्यांचं पहिल्या फेरीतलं मत जवळपास काढून घेतलं.

दुसरं कारण पोटापाण्याचं. सल्लागार, सर्व्हे करणारे, जाहिराती बनवणारे अशी एक फौज विद्यमान खासदारांवर जगते. 2019 मध्ये हाउसच्या निवडणुका सांभाळणाऱ्या पक्षसमितीने जाहीरच करून टाकलं की विद्यमान खासदाराविरुद्ध प्रायमरीत उभं राहणाऱ्याचं काम जी कंपनी घेईल तिला आमचं काम मिळणार नाही. दोन वर्षांनी हा नियम मागे घेतला. यात विचारसरणी दुय्यम असते हे टेक्सासचे खासदार कुएलार यांच्यावरून कळतं. 2022 मध्ये गर्भपाताचा हक्क जाणार हे सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या फुटलेल्या मसुद्यावरून सगळ्या देशाला कळलं होतं, पक्ष त्याच मुद्द्यावर देणग्या गोळा करत होता, आणि हाउसच्या तेव्हाच्या सभापती पलोसी पाठिंबा देत होत्या गर्भपाताला विरोध करणाऱ्या कुएलारांना. प्रायमरीत समोर असलेल्या पुरोगामी जेसिका सिस्नेरोस तीनशेहून कमी मतांनी हरल्या.

आमच्या बाजूचंही सांगतो. 2020 मध्ये मी सँडर्ससाठी दुसऱ्या राज्यांत फोन करायचो. एका आजींना आरोग्यविमा पटला, किमान वेतन पटलं, कॉलेजची फी पटली. मग म्हणाल्या, ‘पण माझं मत बायडेनना. बाकीचे लोक तुमच्या माणसाला मत देणार नाहीत, माझ्या ओळखीची आहेत ही माणसं.’ त्या आजी काही प्रस्थापित नव्हेत. साउथ कॅरोलिनात बायडेनना तारलं ते तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार क्लायबर्न यांच्या शब्दाने, पण तो शब्द मानणारे हजारो कृष्णवर्णीय मतदार खरे होते. आमच्यातले काही जण प्रत्येक पराभव ‘चोरीला गेला’ म्हणतात ते मला पटत नाही. शिवाय कंटाळवाणी कामं आम्हाला नकोत. मी एकदा पक्षाच्या काउंटी (जिल्हा) समितीच्या सभेला गेलो होतो. खुर्च्यांवर माणसं जेमतेम तीसचाळीस, पण ठराव मंजूर होताना मतं शेकड्यांनी. अध्यक्षांच्या टेबलावर न आलेल्यांच्या सह्यांची प्रॉक्सीपत्रं होती, रबरबँड लावलेला गठ्ठा. नियमाला धरूनच होतं सगळं. समितीच्या कित्येक जागा रिकाम्या होत्या, आमच्यापैकी कोणी अर्जच केला नव्हता.

वेगळा पक्ष का नाही? कारण इथे जास्त मतं मिळवणारा एकटा जिंकतो, बाकीच्यांची मतं वाया. 2000 मध्ये फ्लोरिडात बुश 537 मतांनी जिंकले आणि ग्रीन पक्षाच्या नेडरना तिथे सत्त्याण्णव हजारांच्या वर मतं होती. त्याबद्दल नेडरना दोष द्यावा की नाही यावर अजून भांडणं होतात, पण तो प्रयोग परत करायला फारसं कोणी तयार नाही.

आणि प्रायमरीचं गणित खरंच छोटं आहे. 2018 मध्ये आमच्या गटाच्या ओकासिओ-कॉर्टेझ यांनी हाउसमधल्या पक्षनेतृत्वात चौथ्या क्रमांकावर असलेल्या क्राउलींना घरी बसवलं, ते साधारण सतरा हजार मतांवर. मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या घरात. पुढे 2024 अखेर एका महत्त्वाच्या समितीच्या नेतेपदासाठी पक्षाच्या खासदारांनी त्यांना 131 विरुद्ध 84 असं नाकारून कर्करोगाशी झुंजणाऱ्या 74 वर्षांच्या कॉनली यांना निवडलं, आणि पाच महिन्यांत कॉनली वारले. ते मतदान आमच्या हातात नव्हतं. प्रायमरीचं आहे, आणि आमच्या राज्यात ते फक्त पक्षात नोंदणी केलेल्यांनाच करता येतं. म्हणून मी माझी नोंदणी बदललेली नाही.