चार व्हीएमसाठी सर्व्हर: असेंबल्ड घ्यावा की ब्रँडेड?

तुमच्या पोस्टवरून तुमची गरज मला समजली ती अशी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कारखाना, ऑफिसात वीसेक माणसं, आणि आयटी बघणारे तुम्ही एकटेच. एकाच मशीनवर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) टाकून चार व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवायच्या आहेत: डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा), टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉप, लिनक्सवर ईआरपी (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर), आणि बायोमेट्रिक हजेरी व फाइल शेअर मिळून एक. हातात दोन कोटेशन आहेत. पहिलं ब्रँडेड टॉवरचं: झिऑन ई-२४१४, १६ जीबी रॅम, १ टीबीच्या दोन साटा हार्ड डिस्क. दुसरं असेंबल्ड: रायझन ९ ७९५०एक्स, ६४ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई, लिक्विड कूलर. किंमत जवळपास सारखी, म्हणून तुमचा कल दुसऱ्याकडे.

माझं मत: ब्रँडेड टॉवर घ्या, पण कोटेशनमध्ये आहे तसा नाही.

वेगात असेंबल्ड मशीन पुढे राहील, त्यात वाद नाही. ७९५०एक्समध्ये १६ कोअर, ३२ थ्रेड. ई-२४१४ मध्ये ४ कोअर आणि हायपरथ्रेडिंगही नाही, म्हणजे थ्रेडही ४च. पण तुमचा मदरबोर्ड तिसऱ्या वर्षी गेला तर काय होईल ते बघा. घरगुती वापराच्या बोर्डांची मॉडेलं दीड-दोन वर्षांत बाजारातून जातात. वॉरंटी असली तरी बोर्ड सर्व्हिस सेंटरला पाठवायचा आणि वाट बघायची. मी बघतो त्या एका ऑफिसात हेच झालं. बोर्ड दुरुस्त होऊन यायला कित्येक आठवडे लागले, तोवर बिलिंग एका लॅपटॉपवर रेटलं. ब्रँडेड सर्व्हरला 'नेक्स्ट बिझनेस डे ऑनसाइट' करार असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी सुटा भाग घेऊन माणूस तुमच्या दारात येतो. तुम्ही एकटे आहात, रजेवर गेलात तरी कंपनीला एक फोन नंबर देऊन जाता येतं, याची किंमत मोठी आहे. फक्त तुमच्या पिनकोडला ही सेवा खरंच मिळते का, हे डीलरकडून लेखी घ्या. मुंबई-पुण्याला मिळते म्हणजे सगळीकडे मिळते असं नाही.

दुसरं कारण रिमोट कन्सोलचं. रात्री सर्व्हर बूट होईना, तर घरून बायोसपर्यंत (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगपर्यंत) पोचता आलं पाहिजे. डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयएलओ यासाठीच असतं. पण ओएस चालू झाल्यावरही स्क्रीन दिसत राहावी असं पूर्ण कन्सोल वापरायला वरचं लायसन्स लागतं, ते कोटेशनमध्ये बहुधा नसतं. तेही कोटेशनमध्ये घालायला सांगा. सुपरमायक्रो किंवा एएसरॉक रॅकच्या सर्व्हर बोर्डवर ही सोय बोर्डाबरोबरच येते. तुमच्या असेंबल्ड कोटेशनमधला बोर्ड मात्र वाय-फायवाला गेमिंग बोर्ड आहे, त्यात यातलं काही नाही.

त्या कोटेशनमधल्या आणखी दोन गोष्टी खटकल्या. लिक्विड कूलरचा पंप हा बंद पडू शकणारा जास्तीचा भाग आहे. चोवीस तास चालणाऱ्या मशीनला, तेही कारखान्याच्या धुळीत, चांगला एअर कूलर लावावा. आणि रॅम १६च्या चार पट्ट्यांची दिली आहे. एएम५ वर (या रायझनच्या सॉकेटवर) चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५ रॅमचा अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. ३२च्या दोन घेतल्या तर वेगही टिकतो आणि पुढे वाढवायला जागाही राहते. शिवाय त्या साध्या पट्ट्या आहेत, ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या) नाहीत. डीडीआर५ला 'आतच ईसीसी आहे' असं दुकानदार सांगतात, पण ती चिपच्या आतल्या आत होणारी दुरुस्ती. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक ती पकडत नाही, आणि तुम्हाला त्याची लॉगमध्ये नोंदही मिळत नाही. ईआरपीचा डेटाबेस ठेवणार असाल तर खरी ईसीसीच हवी.

आता ब्रँडेड कोटेशन. १६ जीबी रॅममध्ये चार व्हीएम बसत नाहीत, विषय संपला. हिशेब करा: डोमेन कंट्रोलरला ४, टॅलीच्या रिमोट डेस्कटॉपला १६, ईआरपीला १२, हजेरी-फाइलला ४. झाले ३६. वर प्रॉक्समॉक्स आणि झेडएफएसच्या (डिस्कवरचा डेटा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) कॅशेसाठी ८ ते १० धरा. म्हणजे ६४ हवीच. सीपीयू कोअर व्हीएममध्ये वाटून वापरता येतात, कारण सगळ्या एकदम राबत नाहीत. रॅमची तशी उधारी चालत नाही. ई-२४०० मालिकेचे टॉवर १२८ जीबीपर्यंत जातात, तेव्हा पट्ट्या ३२च्या घ्या. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, त्यामुळे 'आत्ता १६ घेऊ, पुढच्या वर्षी वाढवू' या हिशेबावर विसंबू नका. प्रोसेसर ई-२४३६ करून घ्या, ६ कोअर १२ थ्रेड. टॅलीला कोअरच्या संख्येपेक्षा क्लॉक (एकेका कोअरचा वेग) जास्त उपयोगी पडतो, आणि तो इथे पुरेसा आहे.

डिस्कवर मात्र अजिबात तडजोड करू नका. त्या दोन हार्ड डिस्क काढून टाका. चार व्हीएम एकाच वेळी छोटे छोटे रीड-राइट करू लागल्या की फिरती डिस्क गुडघे टेकते, आणि लोक म्हणतात 'सर्व्हर स्लो आहे'. पण म्हणून घरगुती एसएसडीही लावू नका. डेटाबेस प्रत्येक व्यवहाराला 'खरंच लिहिलं का?' असं डिस्कला विचारतो. पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्या एसएसडीत कपॅसिटर असतात, वीज गेली तरी हातातलं लिहून होतं, म्हणून ती लगेच 'हो' म्हणू शकते. साध्या एसएसडीला प्रत्येक वेळी फ्लॅशवर उतरवूनच उत्तर द्यावं लागतं, आणि झेडएफएसवर तिचा वेग कित्येक पटींनी पडतो. किंग्स्टन डीसी६००एम किंवा सॅमसंग पीएम८९३ यांसारख्या दोन घ्या, झेडएफएस मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील. टॉवरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर रेड (डिस्क एकत्र जोडण्याची सोय) बायोसमधून बंद करून कंट्रोलर एएचसीआयवर ठेवा, म्हणजे झेडएफएसला डिस्क थेट दिसतील. डिस्क बाहेरून घेणार असाल तर त्यांचे ट्रे आधीच मागा. रिकाम्या खणात नुसतं प्लास्टिकचं झाकण येतं.

लायसन्सचा एक मुद्दा कोणीच सांगत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं, प्रोसेसर ६ कोअरचा असला तरी. त्यात दोन विंडोज व्हीएम बसतात. म्हणजे तुमचा डोमेन कंट्रोलर आणि टॅली एकाच लायसन्समध्ये. रिमोट डेस्कटॉपसाठी आरडीएस कॅल (वापरणाऱ्यांमागे लागणारी लायसन्स) वेगळे. हे बजेटमध्ये धरलेलं दिसत नाही.

बॅकअपसाठी एक साधं असेंबल्ड मशीन करा, किंवा पडून असलेला जुना डेस्कटॉप घ्या, दोन मोठ्या हार्ड डिस्क लावा आणि त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर चालवा. फिरत्या डिस्क इथे चालतात. मशीन ऑफिसच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. यूपीएस ऑनलाइन घ्या आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) सेट करा, म्हणजे महावितरणची वीज बराच वेळ आली नाही तर व्हीएम आपोआप नीट बंद होतील.

असेंबल्डच्या मी विरोधात नाही. घरी शिकायला लॅब हवी असेल, किंवा ऑफिसात हार्डवेअर उघडून बसणारे दोघं-तिघं असतील आणि एक बोर्ड कपाटात राखीव ठेवायची तयारी असेल, तर असेंबल्डच करा. मग रायझनऐवजी एएमडीची सर्व्हरसाठीची एपिक ४००४ मालिका आणि आयपीएमआयवाला (रिमोट कन्सोलची सोय असलेला) सर्व्हर बोर्ड बघा.

खाली प्रतिक्रियांत कोणी डेलचा जुना आर७२० सर्व्हर सुचवला आहे, तो घेऊ नका. त्यातल्या झिऑनना एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या नव्या सूचनांचा संच) नाही, त्यामुळे रेड हॅट लिनक्स १० त्यावर चालणार नाही. वर वीज: १०० वॅट जादा चोवीस तास खाल्ले की वर्षाला ८७६ युनिट होतात, तेही औद्योगिक किंवा व्यापारी दराने.

ऑर्डर देण्याआधी ईआरपीवाल्याला डेटाबेसचा आजचा आकार आणि वर्षाची वाढ विचारा आणि इथे टाका, म्हणजे एसएसडी ९६० जीबीची पुरेल की १.९२ टीबीची लागेल ते सांगतो.