झेरमॅटला रात्रीचं जेवण : फॉन्ड्यू खा, पण उरकू नका

प्रश्न : मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला दोन रात्री आहोत. आम्ही दोघं आणि सासू-सासरे, ते पक्के शाकाहारी. एक तरी जेवण कायम लक्षात राहावं असं हवंय. कुठे जावं? फॉन्ड्यू खावा का, की तो नुसताच गाजावाजा?

‘नुसता गाजावाजा’ हेच शब्द आमच्या मेहुण्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. गाजावाजा नाही. आपले लोक फॉन्ड्यू, म्हणजे टेबलावरच्या भांड्यातल्या गरम, वितळलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायचा पदार्थ, खात नाहीत, उरकतात. सहा जणांत एक भांडं मागवायचं, फोटो काढायचे, चार तुकडे बुडवायचे आणि हॉटेलवर परत येऊन जिरा राईस हाणायचा. मग नावं चीजला ठेवायची.

फॉन्ड्यू हे अख्खं जेवण आहे, स्टार्टर नव्हे. माणशी 200 ग्रॅम चीज धरतात आणि जवळपास तेवढाच पाव. नुसत्या चीजचेच 800 कॅलरी होतात, त्यामुळे दुपारी हलकं खाऊन जा. मेन्यूत ‘म्वातिए-म्वातिए’ दिसला तर तोच घ्या : अर्धं ग्रुयेर, अर्धं व्हाशरँ, ही दोन्ही स्विस चीज. ग्रुयेर चव देतं, व्हाशरँ मऊपणा. चौघांच्या भांड्यात सुमारे 800 ग्रॅम चीज, साडेतीन डेसिलिटर पांढरी वाइन, तीन-चार चमचे कॉर्नफ्लोअर, शेवटी थोडी किर्श (चेरीची कडक दारू) आणि आधी भांड्याला आतून चोळलेला लसूण, एवढाच ऐवज. वाइन नुसती चैन म्हणून नसते. तिच्यातल्या आम्लामुळे चीजमधली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, आणि कॉर्नफ्लोअर तूप सुटू देत नाही.

टेबलावर आल्यावर तो बिघडवायचं काम मात्र आपलं. भांड्याखालच्या शेगडीची वात मोठी ठेवली की प्रथिनं आवळतात, वर तेलाचा तवंग येतो आणि खाली रबर उरतं. ज्योत इतकी बारीक हवी की मधूनच एखादा बुडबुडा यावा. प्रत्येक तुकडा तळापर्यंत नेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, कारण चौघांचे काटे हेच ढवळणं असतं. गप्पांत हात थांबले की तळ लागतो. काटा पावाच्या मऊ बाजूने घालून कडक सालीतून बाहेर काढा, म्हणजे तुकडा भांड्यात गळत नाही. लांब काटा तोंडात घालू नका. तुकडा ताटलीत काढून साध्या काट्याने खा, जीभही भाजत नाही आणि उष्टंही होत नाही. दाट झालं तर वेटरला सांगा, तो थोडी वाइन घालून जोरात घोटून देईल. पाणी ओतू नका. भांडं रिकामं होत आलं की वात विझवा, मिनिटभर थांबा आणि तळाची खरपूस पापडी सुरीने सोडवून वाटून खा. बासुंदीच्या पातेल्याची खरवड ज्यांना आवडते ते हिच्यासाठी भांडतील. मेहुण्यांनी ती न खाताच भांडं परत पाठवलं होतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

त्यांचा दुसरा सिद्धांत : फॉन्ड्यूवर पाणी प्यायलं की पोटात दगड होतो, म्हणून वाइनच प्यावी. 2010 साली झुरिकच्या डॉक्टरांनी 20 निरोगी माणसांना फॉन्ड्यू खाऊ घालून सोबत कुणाला वाइन, कुणाला काळा चहा दिला. वाइनवाल्यांचं पोट उशिरा रिकामं झालं. तक्रारी मात्र कुणाच्या वाढल्या नाहीत. तेव्हा वाइन हवी तर तिथल्याच व्हाले प्रांतातली फेंडाँ ही पांढरी वाइन घ्या, नको तर बिनधास्त काळा चहा.

कुठे जावं, तर नाव सांगत नाही, खूण सांगतो. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर ज्या मेन्यूत पिझ्झा, थाई आणि करी एकत्र असतील तिथून पुढे चला आणि पाच-सहाच पदार्थ असलेलं लाकडी, छोटं ठिकाण शोधा. टेबल आधीच सांगून ठेवा, तेही सातचं. स्वयंपाकघर नऊ-साडेनऊला आवरतं, आपल्या दहाच्या सवयीचं तिथे काही चालत नाही. शिवाय मेमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, ढग नसले तर मॅटरहॉर्नचं शिखरही दिसेल. माणशी 30 फ्रँक आणि वर धरा. बहुतेक ठिकाणी किमान दोघांचा मागवावा लागतो. सर्व्हिस बिलातच असते, टिप देण्याचं बंधन नाही.

आता सासू-सासरे. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : ग्रुयेर वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने विरजतात. राक्लेटलाही (वितळवून बटाट्यांवर घालतात ते चीज) तोच प्रश्न, वर फॉन्ड्यूत दारू. त्यांना न सांगता खाऊ घालू नका. ‘चीजच तर आहे’ म्हणत आमच्याकडे असंच रेटलं गेलं होतं, कुणी ते ओळखा. टोमॅटो घातलेला, उकडलेल्या बटाट्यांवर ओततात तो व्हालेचा फॉन्ड्यूही या दोन्ही बाबतींत तसाच. त्यांच्यासाठी ऱ्योश्टी मागवा, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा जाड, खरपूस थर. मागवताना ‘ओहने श्पेक’ (बेकन नको) म्हणा, नाहीतर आत डुकराचं मांस येतं, आणि लोण्यातच परततात ना तेही विचारा. श्पेट्झलीत, म्हणजे मैद्याच्या छोट्या शेवयांत, अंडं असतं. सूपचं पाणी मांसाचं आहे का, हेही विचारून घ्या.

आणि मे हा झेरमॅटचा मधला, रिकामा काळ. बर्फाचा हंगाम संपलेला, उन्हाळ्याचा सुरू व्हायचा असतो, त्यामुळे बरीच हॉटेलं आणि रेस्टॉरंट बंद असतात. तिकिटं काढण्याआधी चार-पाच ठिकाणांना ईमेल करून उघडायच्या तारखा विचारा. गावाच्या वर डोंगरात असलेल्या फिंडेल्न वस्तीतली नावाजलेली ठिकाणं तर मुख्यतः दुपारच्या जेवणाचीच.