आजीची स्मरणिका: किती लिहावे, काय लिहावे?

प्रश्न: आमची आजी गेल्या वर्षी वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तली. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी घरच्यांपुरती एक स्मरणिका काढावी, असे आम्हा नातवंडांनी ठरवले आहे. परंतु हाती आलेले सगळे लेख जवळजवळ एकसारखे आहेत; प्रत्येकात आजी प्रेमळ, सोशिक आणि सर्वांना सांभाळून घेणारी आहे. शिवाय धाकट्या बहिणीशी तिने बरीच वर्षे धरलेला अबोला लिहावा की वगळावा, यावर घरात एकमत नाही. आपण मार्गदर्शन करावे.

उत्तर: लेख एकसारखे झाले याला आपल्या प्रेमातली उणीव नव्हे, तर वयाचा साधा हिशेब कारणीभूत आहे. थोरल्या नातवंडाला कळू लागले, तोवर आजींनी बहुधा पन्नाशी गाठलेली असणार. म्हणजे जे आयुष्य आपण लिहू पाहत आहात, त्याचा निम्म्याहून अधिक भाग आपल्यापैकी कोणी पाहिलेलाच नाही. उतारवयात माणसाला स्वतःच्या आयुष्यातले सर्वांत ठळकपणे आठवते ते साधारणपणे दहा ते तीस या वयातले, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. आजींच्या मनात जो काळ सर्वांत जागा होता, नेमका तोच आपल्या लेखांत नाही.

यासाठी प्रथम आजी पुन्हा पुन्हा सांगत असत त्या गोष्टी गोळा करा. ‘हे तू मागेही सांगितलेस’ असे म्हणून घरोघरी ज्या अर्ध्यावर तोडल्या जातात, त्याच या गोष्टी. वृद्धांचे असे मागे वळून पाहणे म्हणजे बुद्धी मंदावल्याची खूण, असा समज पूर्वी रूढ होता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये, ही आयुष्याचा आढावा घेण्याची स्वाभाविक प्रक्रिया आहे, अशी मांडणी केली. मला ती पूर्णपणे पटते. काय सांगायचे हे आजींनी स्वतःच निवडून ठेवले होते. आपण ते फक्त उतरवून घ्यायचे आहे.

त्यानंतर आजींच्या बरोबरीच्या माणसांकडे जा आणि धाकट्या बहीण हयात असतील, तर सर्वांआधी त्यांच्याकडे जा, कारण आजींना परकरी वयात पाहिलेली व्यक्ती बहुधा आता त्याच असतील. ‘आजी कशी होती?’ या प्रश्नाला उत्तर येते ते कौतुकाचेच. त्याऐवजी एखादा जुना फोटो त्यांच्या हाती द्या, त्यातली मुलगी कोणाकडे बघून हसते आहे, अंगावरचा पोशाख कोणाचा, शेजारी कोण उभे आहे, हे विचारा आणि मग थांबा. घाईने पुढचा प्रश्न टाकू नका. त्यांची हरकत नसेल तर बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सन आठवत नसल्यास माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९ च्या आधीचे की नंतरचे, असे विचारल्यास अंदाज येतो. फोटोच्या मागची पुसट अक्षरेही अवश्य वाचा.

अबोल्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो लिहावा. तो गाळला, तर आजींच्या आयुष्यातली एवढी वर्षे खोटी ठरतील. मात्र दोष कोणाचा याचा निवाडा करू नका, आणि बहीण हयात असतील तर त्यांची संमती घेतल्याखेरीज एक ओळही छापू नका. त्यांनी नकार दिल्यास तो विषय तेथेच सोडावा. संमती दिली आणि त्यांची हकिकत घरातल्या हकिकतीशी जुळली नाही, तर दोन्ही सांगणाऱ्यांच्या नावानिशी शेजारी शेजारी छापाव्यात.