दहावीनंतर मुलीला घेऊन कॅलिफोर्नियात येताना : नामांकित विद्यापीठांतील प्रवेशाची शक्यता

कंपनी आपल्याला पुण्याहून सॅन होजेच्या कार्यालयात पाठवत आहे, मुलगी यंदा राज्य मंडळाची दहावी देत आहे, अभ्यासात ती पहिल्यापासून हुशार आहे आणि तिला पुढे संगणकशास्त्र शिकायचे आहे. अशा मुलीला स्टॅनफर्ड किंवा बर्कलीसारख्या विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता किती, आणि त्यासाठी आत्ताच निघावे की तिची बारावी होऊ द्यावी, असे आपण विचारले आहे. माझी दोन्ही मुले फ्रीमाँटच्या सरकारी शाळांतून शिकून कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली आणि अशा अधल्यामधल्या इयत्तेत आलेली बरीच मुले मी जवळून पाहिली आहेत. त्या आधारावर लिहीत आहे.

स्टॅनफर्ड, हार्वर्ड, एमआयटी या संस्थांबद्दल आधी स्पष्ट सांगते. हार्वर्डकडे २०२४ च्या प्रवेशासाठी सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि त्यांतून दोन हजारांहून कमी मुले घेतली गेली. स्टॅनफर्डचे प्रमाणही चार टक्क्यांच्या आसपासच असते. नाकारल्या गेलेल्यांत शाळेत पहिली आलेली आणि एसएटी या प्रवेशासाठीच्या सामायिक परीक्षेत जवळजवळ पूर्ण गुण मिळवलेली मुले हजारोंनी असतात. तिला अर्ज करायचा असेल तर जरूर करू द्या, पण त्या आशेवर देश बदलण्याचा निर्णय घेऊ नका. आपल्या मुलीचा खरा विचार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे ज्याला सगळे यूसी म्हणतात त्या सरकारी विद्यापीठाच्या, पदवी शिक्षण देणाऱ्या नऊ शाखांच्या (बर्कली ही त्यांतलीच एक) दृष्टीने करायला हवा, कारण तिच्यासारख्या उशिरा आलेल्या मुलीला तिथली पद्धत त्यातल्या त्यात अनुकूल आहे.

ती का, हे समजण्यासाठी वेळापत्रक पाहावे लागेल. दहावी झालेल्या मुलीला इथे ऑगस्टमध्ये बहुधा अकरावीत बसवतात. बारावीच्या नोव्हेंबरअखेर यूसीचा अर्ज जातो. म्हणजे विमानातून उतरल्यापासून साधारण पंधरा महिन्यांत तिचा अर्ज तयार हवा, आणि त्यात इथल्या शाळेचे केवळ अकरावीच्या दोन सत्रांचे गुण असतील. खासगी विद्यापीठे शिक्षकांची शिफारसपत्रे मागतात. एमआयटीला तर गणित-विज्ञानाच्या एका आणि भाषा-समाजशास्त्राच्या एका शिक्षकाचे पत्र लागते. जी मुलगी शाळेत येऊन वर्षच झाले आहे, तिच्याविषयी मनापासून लिहू शकेल असा शिक्षक मिळणे अवघड असते. यूसी सर्वसाधारणपणे शिफारसपत्र मागतच नाही. एसएटीचे गुणही प्रवेशासाठी पाहत नाही, त्यामुळे तिच्या क्लासवर पैसे घालवण्याची घाई नको. एमआयटीसारख्या ठिकाणी, जिथे ही परीक्षा २०२२ पासून पुन्हा सक्तीची झाली, तिथे अर्ज करायचा ठरला तरच ती द्यावी. यूसी पाहते ते दहावी-अकरावीचे गुण, विषयांची काठिण्यपातळी, शाळेबाहेरचे काम आणि आठांपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांत दिलेली उत्तरे.

विषयांच्या बाबतीत येताच जागरूक राहावे लागते. बहुतेक शाळांत पुढच्या वर्षाची विषयनिवड फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलेली असते आणि ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाला जिथे जागा उरली असेल तिथे बसवले जाते. आपल्या दहावीतले बीजगणित-भूमिती व्यवस्थित झालेले मूल अकरावीत प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचा गणिताचा विषय, सहज पेलू शकते, पण गुणपत्रिकेवर नुसते ‘गणित’ असे लिहिलेले पाहून शाळेतले समुपदेशक त्याला एक पायरी खाली घालतात, आणि मग बारावीत कॅल्क्युलस राहून जाते. संगणकशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्या मुलीला हे परवडणारे नाही. म्हणून दोन्ही विषयांच्या अभ्यासक्रमाची इंग्रजीतली प्रत बरोबर आणा, प्लेसमेंट टेस्ट (पातळी ठरवणारी चाचणी) मागा आणि नम्रपणे पण ठामपणे पाठपुरावा करा. यूसीला एकूण पंधरा वार्षिक विषय लागतात आणि त्यांत अमेरिकेचा इतिहास हवाच. तिने शाळेत शिकलेली मराठी आणि हिंदी ‘इंग्रजीव्यतिरिक्त भाषा’ या अटीत कशी धरली जाईल, हे पहिल्याच भेटीत समुपदेशकाकडून लेखी घ्या.

घर कुठे घ्यायचे, हा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे, कारण सरकारी शाळा बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरते. आपली मंडळी शाळांचे गुणांकन पाहून क्युपर्टिनोकडे किंवा फ्रीमाँटच्या मिशन सॅन होजे भागाकडे धाव घेतात. तिथल्या शाळा उत्तमच आहेत. पण विद्यापीठ प्रत्येक मुलाचा अर्ज त्याच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर वाचते, आणि त्या शाळांत संगणकशास्त्रच हवे असलेली, सहावीपासून त्याच तयारीत असलेली मुले शेकड्यांनी असतात. शाळेतल्या वरच्या नऊ टक्क्यांत येणाऱ्या पात्र मुलाला यूसीच्या कुठल्या ना कुठल्या शाखेत जागेची हमी मिळते, ती प्रत्यक्षात बहुधा मर्सेडच्या शाखेत. थोड्या कमी नावाजलेल्या पण चांगल्या शाळेत तिला श्वास घ्यायला जागा मिळेल, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय असल्याचा तोटा होतो का, असेही आपण विचारले आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत १९९६ च्या जनमताने वंशाचा विचार बंद झाला, आणि जून २०२३ च्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो देशभर बंद झाला आहे. तेव्हा ती काळजी मनातून काढून टाका.

आता शाळेबाहेरच्या कामाविषयी. ती गांधर्व महाविद्यालयाच्या कथकच्या परीक्षा देत आली आहे, हे आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती ती आहे. इथे आल्यावर पालक नेमके असे वर्षानुवर्षांचे काम बंद करून मुलांना रोबोटिक्स आणि वादविवादाच्या क्लबात घालतात. कॉमन अॅपवर, म्हणजे अनेक खासगी विद्यापीठांसाठीच्या सामायिक ऑनलाइन अर्जात, प्रत्येक उपक्रमाचे वर्णन १५० अक्षरांत करायचे असते. तिथे ‘मध्यमा पूर्ण’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पण किती वर्षे शिकली, परीक्षेत एकटीने किती वेळ नाचावे लागले, लहान मुलींना काय शिकवले, हे लिहिले तर कळते. तिला कथक चालू ठेवू द्या, बे एरियात चांगल्या गुरू आहेत. होमी भाभा केंद्राच्या गणित ऑलिंपियाडमध्ये ती पुढच्या टप्प्यापर्यंत गेली असेल तर तेही लिहावे, कारण ऑलिंपियाड प्रवेशसमित्यांना ठाऊक असते.

संगणकशास्त्राबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. बर्कलीत पूर्वी आधी प्रवेश घेऊन नंतर या विषयाकडे वळता येत असे. २०२३ पासून तिथे विषयासाठी थेट निवड होते आणि नंतर बदलणे फार कठीण झाले आहे. लॉस एंजेलिसच्या शाखेकडे एका वर्षात १ लाख ४५ हजारांहून अधिक अर्ज येतात आणि एकंदर नऊ टक्के मुले घेतली जातात. संगणकशास्त्राचे प्रमाण त्याहून कमी असते. अकरावीत जवळजवळ सर्व विषयांत ‘ए’ मिळाले तर डेव्हिस, सांताक्रूझ, रिव्हरसाइड येथे तिला बरीच आशा धरता येईल. अर्व्हाइन आणि सॅन डिएगो अनिश्चित, बर्कली आणि लॉस एंजेलिस लाभले तर भाग्य. सॅन होजे स्टेट हे यूसीबाहेरचे सरकारी विद्यापीठही यादीत ठेवा. दुसरा रस्ता कम्युनिटी कॉलेजचा आहे : दोन वर्षे डी अँझा किंवा फूटहिलसारख्या ठिकाणी शिकून अटी पूर्ण केल्यास यूसीच्या सहा शाखा बदलीच्या प्रवेशाची हमी देतात, मात्र ती सर्व विषयांना लागू नसते. आपल्याकडे या रस्त्याला उगाच कमी लेखतात.

व्हिसा आणि पैसा यांचा हिशेब मात्र आत्ताच करावा. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसांवर असलेल्या पालकांच्या मुलांना एक वर्षाहून अधिक वास्तव्यानंतर यूसीत निवासी दर, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांसाठीचे कमी शुल्क, मिळू शकते. अनिवासी मुलांना दरवर्षी तीस हजार डॉलरहून अधिक जादा शुल्क पडते. आत्ता येण्याच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. परंतु अवलंबित व्हिसावर मुलीला अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग पाहता पदवीच्या मध्यावर तिला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल असे धरून चाला, आणि तसे झाल्यास निवासी दराचे काय होईल हे त्या त्या शाखेच्या कार्यालयाला आधी विचारा.

तेव्हा माझा सल्ला असा की ऑगस्टच्या आत पोहोचणार असाल तर तिला घेऊन या. बदली लांबून डिसेंबरवर गेली, तर मात्र अकरावीच्या मध्यावर तिला उपटून आणू नका. बारावी तिथेच होऊ द्या, सीईटी-जेईई देऊ द्या आणि इथले अर्ज पुण्याहूनच करा. निघताना शाळेच्या दाखल्याबरोबर नववीची गुणपत्रिका शिक्क्यासह वेगळी मागून घ्या. मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेत ते गुण नसतात, आणि इथे हायस्कूल नववीपासून मोजतात.