विद्यावेतन अडकलंय? आधी माहेरचं जुनं खातं आठवा

ताई, ‘तीन महिने हजेरी भरली, एक रुपया नाही, ऑफिसात विचारलं की वरून आलं नाही म्हणतात’ हे तुमचं वाचलं आणि माझ्याच खेपा आठवल्या. मीही मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली, म्हणजे काम शिकताना सरकार विद्यावेतन देतं ती. पदवीधर, म्हणजे महिना 10,000. नोंदणी, रुजू होणं वगैरे तुमचं झालंच आहे, ते सोडते.

माझा घोळ असा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, ‘लिंक झालं’ असा मेसेज आला, मी निश्चिंत. पण आधारवर येणारे पैसे आपण दिलेला खाते नंबर बघत नाहीत. आधार शेवटचं ज्या बँकेशी सीड झालंय, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला जोडलंय, तिथे जातात. माझं सीडिंग होतं कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी माहेरी काढलेल्या खात्याला! कार्ड बाद, मोबाईल नंबर बाबांचा जुना. तालुक्याच्या त्या ऑफिसात सात वेळा गेले. दर वेळी ‘सोमवारी या’. कुणी स्क्रीन उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. शेवटी आईने सहज पासबुक भरून आणलं आणि फोटो पाठवला. 10,000, 10,000, 10,000, एकाखाली एक. काढायला मात्र पुन्हा केवायसी, कारण सही माहेरच्या आडनावाची.

तेव्हा आधी माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. तुमचंही हेच असेल असं नाही, आस्थापनेने, म्हणजे तुम्ही काम करता त्या ऑफिसने, हजेरी ऑनलाइन चढवलीच नसेल असंही होतं. म्हणून दर महिन्याच्या हजेरीचा फोटो काढून ठेवा.

आता विषय निघालाच आहे तर. प्रशिक्षणाची मुदत संपल्यावर आमच्या साहेबांनी मला नोकरीत महिना 8,000 देऊ केले, त्याच टेबलावरच्या मुलाला 11,000. का, तर ‘तुमचे मिस्टर कमावतात ना’. समान वेतनाचा कायदा 1976 पासून आहे म्हटलं, तर हसले. मी सोडलं. सगळ्यांना परवडेल असं नाही, पण विद्यावेतनाच्या आकड्याला पगार धरून बसू नका. तुमच्या कामाचं किमान वेतन किती ते कामगार खात्याच्या साइटवर बघा आणि मगच बोलणी करा.

स्टेटसमध्ये कुठली बँक दिसते ते इथे लिहा. खाते नंबर मात्र टाकू नका.