आधी बसायला शीक

चि., अनेक आशीर्वाद.

पाय पुढे-मागे सपाट पसरायचं ते हनुमानासन पूर्ण होत नाही म्हणून योगशिक्षकाचा अभ्यासक्रम सोडावासा वाटतोय, असं लिहिलंस. वाईट वाटलं आणि रागही आला. अगं, मांडी घालून किती वेळ स्वस्थ बसतेस, ते का नाही लिहिलंस?

परवा दांडिया बाजारच्या वर्गात तुला पाहत होतो. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्यांना टेकलेलं, पण जबडा आवळलेला, श्वास कोंडलेला, आणि डोळा शेजारणीवर. कपाळ टेकलं म्हणजे आसन साधलं असं तुला कुणी सांगितलं?

पतंजलींनी आसनाला तीन सूत्रं दिली, त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. स्थिर, सुखाने बसणं, प्रयत्न सैल सोडणं, मग शीत-उष्णाचा त्रास न होणं. झालं. हठयोगाचा ग्रंथ हठप्रदीपिका आसनाला पहिलं अंग मानतो, पण वर्णन पंधरांचंच करतो. तुझं हनुमानासन त्यांत नाही. श्रेष्ठ ठरवलंय सिद्धासन, म्हणजे पुन्हा बसणंच!

शरीराची हेळसांड कर असं मी म्हणत नाही. आपल्या डभोईत जन्मलेले स्वामी कुवलयानंद बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात घडले, मग मालसरला माधवदासजींकडे योग शिकले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढून त्यांनी आसनं प्रयोगशाळेत तपासली. शरीर त्यांनी कधीच कमी लेखलं नाही. पण कमावलेलं शरीर घेऊन शेवटी बसायचंच असतं.

"सर नुसतं बसवून ठेवतात" म्हणत मुलं माझा वर्ग सोडून जातात. जाऊ देत. वज्रासनात श्वास मोकळा झाल्याशिवाय मी कुणाला शीर्षासन करू दिलं नाही, देणारही नाही. हट्टी म्हणतात, म्हणू देत. माझ्याबरोबर हातांवर अंग तोलून सुरेख मयूरासन करणाऱ्यांना आज जमिनीवर बसवत नाही. आणि एक सल आहे. गुरुजी रोज संध्याकाळी तासभर बसायचे. मयूरासनाच्या शंका त्यांना खूप विचारल्या, त्या बसण्याबद्दल विचारायचं राहून गेलं. आता विचारायला ते नाहीत.

अभ्यासक्रम सोडू नकोस. सकाळी चादरीची जाड घडी बैठकीखाली घे, गुडघे खाली येऊ देत, पाठ ताठ, खांदे सैल. मुंग्या आल्या तर पाय बदल, पण उठू नकोस. परीक्षेत हनुमानासन येतं तेवढंच दाखव, श्वास अडला की तिथेच थांब. गुण कापले तर कापू देत.

तुझे सर