लीड्समध्ये घर बघतोयस, तर आधी भिंती बघ

भावा, जानेवारीत बायको-पोराला घेऊन इथं इंग्लंडात लीड्सला येतोयस आणि स्वस्तातलं जुनं विटांचं घर भाड्यानं घेऊ का, असं विचारलंयस. कोल्हापूरचा आहेस म्हणून राहवलं नाही. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते तिथंच वाच.

रांगेतलं घर असेल तर मधलं घे, कडेचं नको. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची ऊब फुकट मिळते. घराचा ऊर्जा दाखला, म्हणजे ईपीसी, पोस्टकोड टाकून कुणालाही बघता येतो. ए ते जी अशी श्रेणी असते. अपवाद सोडले तर 'ई'च्या खालचं घर भाड्यानं देता येत नाही. आमचं 'ई'च होतं. मी तेव्हा भाडं तेवढं बघितलं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या घरांच्या भिंती बहुतेक भरीव विटांच्या, मध्ये पोकळी नाही, ऊब टिकत नाही. लॉफ्ट इन्सुलेशन, म्हणजे छताखाली ऊब राखायला घातलेला थर, 270 मिलिमीटर असावं म्हणतात, आमच्याकडं चार बोटं होतं.

2021 च्या जुलैत कुंभार गल्लीतल्या आमच्या घरात पुराचं पाणी आलं आणि ऑक्टोबरात आम्ही इथं आलो. ओल म्हणजे काय हे मला कोण शिकवणार, असं वाटायचं. हीटिंगचा मीटर प्रीपेड, आधी पैसे भरायचे. पैसे डोळ्यांदेखत उडताना बघून मी खिडक्यांच्या फटी टेपनं बुजवल्या आणि भिंतीतल्या हवेच्या जाळीत कागदाचे बोळे कोंबले. आत रेडिएटरवर, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यावर, वाळत घातलेले कपडे, उघड्या पातेल्यात भात, तिघांचा श्वास. वाफ जाणार कुठं? गार भिंतीवर. डिसेंबरात पोरीच्या खोलीतलं कपाट सरकवलं तर मागं तिच्या उंचीएवढी काळी बुरशी.

पोरगी खोकायला लागली. जवळच्या शाळेत जागा नव्हती, दोन बस बदलून जायची. हजेरी नव्वद टक्क्यांखाली गेली तशी शाळेची चिठ्ठी आली आणि तिच्यासमोरच आम्हाला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ते अजून डोक्यातून जात नाही. एजंट म्हणाला, बुरशी तुमच्या राहणीमुळं. महिनाभर भांडलो त्याच्याशी. बोळे मीच कोंबलेत, हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एका रात्री ती झोपल्यावर काढले.

तर दाराखालची झुळूक बंद कर, जाळी मात्र कधी बुजवू नकोस. भातावर झाकण, स्वयंपाकघराचं दार बंद, वाफ बाहेर टाकणारा पंखा चालू. सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघड. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस. हीटिंग मंद ठेव, पण रोज ठेव.

डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळतो. एकटं वाटतं, सवय होते.

आणि येताना घोंगडं आण. आईनं काढून ठेवलेलं मी वजनात बसत नाही म्हणून टाकून आलो. ती अजून फोनवर विचारती, पोरीला थंडी वाजती का रं? मी नाही म्हणतो.